स्वादुपिंडाच्या गाठीचा एमआरआय: कधी, कसा करून घ्यायचा आणि त्यातून काय वाचायचं

कावीळ दिसली की सोलापुरात आजही दोन वाटा फुटतात. एक झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे जाते, दुसरी सोनोग्राफीला. पहिल्या वाटेने गेलेली माणसंही काही आठवड्यांनी दुसरीवरच येतात. फक्त तोवर अंगभर खाज सुटलेली असते, लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालेलं असतं, वजन उतरलेलं असतं. पोटात न दुखता चढत जाणारी कावीळ, पन्नाशीनंतर अचानक निघालेला मधुमेह, पाठीत भिनणारं आणि पुढे वाकून बसलं की जरा कमी होणारं दुखणं, यांतलं काहीही एकत्र दिसलं की विचार यकृतापाशी थांबवू नये. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली कळते, पण ती जिथे दाबली गेली ते स्वादुपिंड जठर आणि आतड्यांतल्या हवेमागे दडलेलं असतं.

हा लेख त्यापुढच्या टप्प्यासाठी आहे. फाईल काखेत मारून धावपळ करणारा मुलगा, सून किंवा भाचा आणि मोहोळ-अक्कलकोटकडचे चिठ्ठी लिहिणारे फॅमिली डॉक्टर, दोघांनाही तो उपयोगी पडावा. माझं मत आधीच सांगतो. मशीन किती भारी आहे याला लोक जेवढं महत्त्व देतात तेवढं त्याला नाही. तपासण्या कोणत्या क्रमाने झाल्या आणि चिठ्ठीवर नेमका काय प्रश्न विचारला होता, इथेच निम्मं काम होतं किंवा बिघडतं.

आधी गाठीचा स्वभाव

स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हटलं की सुमारे ९० टक्के वेळा तो नलिकेच्या अस्तरातून उगवलेला ॲडिनोकार्सिनोमा असतो. या गाठीची गंमत, किंवा कटकट, अशी की तिच्यात कॅन्सरच्या पेशींपेक्षा भोवतीचा तंतुमय भागच बहुधा जास्त असतो. गच्च वळलेल्या सुताच्या गुंडीत इकडेतिकडे सरकी अडकावी, तशा त्या पेशी विखुरलेल्या असतात. हा तंतुमय भाग रक्तवाहिन्यांना दाबतो, त्यामुळे गाठीत रक्त कमी पोचतं आणि केमोचं औषधही कमी पोचतं. बायोप्सीच्या सुईत कधीकधी नुसते तंतूच येतात, तेही याचमुळे.

एमआरआयचं तंत्र समजायला एवढं पुरे. ऊतीत पाणी किती मोकळं हलतं, रक्त किती वेगाने आत शिरतं, ऊती किती कडक आहे, पेशींबाहेरची जागा किती आहे, अशा एकेका गुणधर्माला एकेक तंत्र प्रश्न विचारतं. कॅन्सर आहे की नाही, हा प्रश्न यांतलं कुठलंही तंत्र थेट विचारत नाही. त्याचं उत्तर पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली देतो.

पहिली पायरी: सीटी आधी, एमआरआय नंतर, स्टेंट त्याच्याही नंतर

गाठीचा संशय आला की पहिला स्कॅन बहुतेकदा सीटीच असावा, आणि तोही ‘पॅनक्रियाज प्रोटोकॉल’चा. म्हणजे कॉन्ट्रास्ट (चित्रात उठाव आणणारं औषध) शिरेतून सोडल्यावर साधारण ४० ते ४५ सेकंदांनी एकदा आणि ७० सेकंदांच्या आसपास पुन्हा, पातळ काप घेऊन केलेला. गाठ मुख्य रक्तवाहिन्यांना किती चिकटली आहे हे सीटीत उत्तम दिसतं, शिवाय तो काही मिनिटांत उरकतो. ‘पोटाचा साधा सीटी’ करून आलेले रुग्ण पुष्कळ येतात. त्यातून गाठ असल्याचं कळतं, पण ती काढता येईल की नाही ते ठरवता येत नाही.

एमआरआय लागतो तो पुढच्या प्रसंगांत. सीटीत नलिका फुगलेली आहे पण गाठच दिसत नाही, कारण काही गाठी सीटीवर आजूबाजूच्या ग्रंथीच्याच रंगाच्या असतात. यकृतात बारीक ठिपके आहेत आणि ते साधे पाण्याचे फोड आहेत की पसरलेला कॅन्सर, हे कळत नाही. गाठ पाण्याची आहे की भरीव, याचा घोळ आहे. जुन्या सुजेमुळे झालेला गोळा आणि कॅन्सर यांत फरक करायचा आहे. रुग्णाला आयोडीनच्या कॉन्ट्रास्टची ॲलर्जी आहे. किंवा केमोनंतर ऊतीत काय बदललं ते पाहायचं आहे.

आता स्टेंटची, म्हणजे तुंबलेल्या पित्तनलिकेत बसवायच्या नळीची गोष्ट. कावीळ पाहून घरचे घाबरतात आणि ‘आधी कावीळ उतरवा’ म्हणून ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, स्टेंट टाकला जातो, स्कॅनचं नंतर बघू म्हणतात. मग नळीभोवती सूज येते, पित्तनलिकेत हवा शिरते, धातूचा स्टेंट असेल तर चित्रात काळा डाग पडतो. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज आलीच, तर गाठीची कड कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते हे सांगणं अवघड होऊन बसतं. म्हणून सीटी आणि लागणार असेल तर एमआरआय, दोन्ही स्टेंटच्या आधी करा.

शस्त्रक्रिया लवकर होणार असेल तर स्टेंटची गरजच पडत नाही, असंही अनेकदा होतं. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी स्टेंट टाकलेल्या गटात ७४ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली, थेट शस्त्रक्रियेला गेलेल्यांत ३९ टक्के. त्यात बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं रक्तातलं माप, साधारण १४.६ पर्यंतचेच रुग्ण होते आणि स्टेंट प्लास्टिकचे होते, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचायचे. याला एक अपवाद आहे आणि तो कधीही विसरू नये. काविळीसोबत थंडी वाजून ताप आला असेल तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेला असतो. तिथे स्कॅनची वाट बघत बसायचं नाही, पित्तनलिका त्याच दिवशी मोकळी करावी लागते.

या कॅन्सरसाठी करतात ती रक्ताची सीए १९-९ तपासणीही काविळीत फसवते. पित्त तुंबलं की हा आकडा कॅन्सर नसतानाही ३७ च्या नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी वर जातो. उलट, काही माणसांच्या रक्तगटाच्या ठेवणीमुळे त्यांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही. तिथे आकडा साधा आला म्हणून निश्चिंत होऊ नये.

दुसरी पायरी: चिठ्ठी

सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ इथे वाया जातात. चिठ्ठीवर फक्त ‘एमआरसीपी’, म्हणजे नलिकांपुरता एमआरआय, लिहिलेलं असतं. सेंटर एमआरसीपी करून देतं. त्यात पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका सुरेख उजळून दिसतात, कुठे अडथळा आहे तेही कळतं. पण ज्या ऊतीमुळे अडथळा आला तिच्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही, कारण कॉन्ट्रास्ट दिलेलाच नसतो. मग मोठ्या रुग्णालयात गेल्यावर ‘पुन्हा करा’ असं ऐकावं लागतं आणि नातेवाईकांना वाटतं की कमिशनसाठी करायला लावतात.

चिठ्ठीवर असं काहीतरी असावं: ‘स्वादुपिंडाचा एमआरआय, एमआरसीपी, डिफ्युजन आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्टसह. वय ५८, तीन आठवडे वेदनारहित कावीळ, बिलिरुबिन ९, सीटीत दोन्ही नलिका फुगलेल्या, गाठ स्पष्ट नाही. स्टेंट नाही. प्रश्न: डोक्याच्या भागात गाठ आहे का, यकृतात पसरली आहे का?’ हे आकडे नमुन्याचे आहेत, पण प्रश्नचिन्हाने संपणारं वाक्य असायलाच हवं. रिपोर्ट करणाऱ्याला प्रश्न दिला की तो उत्तर शोधतो. नाही दिला की तो दिसेल ते सगळं लिहितो, मूत्रपिंडातल्या खड्यापासून मणक्याच्या झिजेपर्यंत.

स्टेंट आहे की नाही, जुनी स्वादुपिंडाची सूज, दारू, आधीचं ऑपरेशन, हे चार शब्द रिपोर्टची दिशा बदलू शकतात. तेही लिहा.

तिसरी पायरी: सेंटर निवडणं

‘थ्री टेस्लाच पाहिजे, पुण्याला जाऊ’ हा सल्ला मला बहुतेक वेळा पटत नाही. टेस्ला हे मशीनच्या चुंबकाच्या ताकदीचं माप. चांगलं चालवलेलं १.५ टेस्लाचं मशीन या कामाला पुरेसं आहे. ३ टेस्लावर चित्र अधिक बारीक येतं, पण पोटात पाणी झालं असेल तर त्याच मशीनवर मधोमध काळे पट्टे उमटतात आणि १.५ बरं पडतं. कमी ताकदीची उघडी मशीनं मात्र या तपासणीसाठी नकोतच, कितीही सोयीची वाटली तरी.

फोन करून तीन गोष्टी विचारा. पोटाच्या तपासणीत डिफ्युजन (ऊतीतल्या पाण्याची हालचाल मोजणारी चित्रं) घेता का? कॉन्ट्रास्ट प्रेशर इंजेक्टरने देता की हाताने? रिपोर्ट कोण करतं, आणि गरज पडली तर त्यांच्याशी बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो आलं तर पहिल्या दोन्हींत थोडं इकडेतिकडे चालेल.

यकृतासाठीचा खास महागडा कॉन्ट्रास्ट, म्हणजे गॅडोक्झेटेट, काही वेळा सुचवला जातो. यकृतातले बारीक ठिपके शोधायला तो छान आहे. पण तो यकृताच्या पेशींनी शोषून घ्यावा लागतो, आणि बिलिरुबिन चढलेलं असताना तो नीट शोषला जात नाही. ऐन काविळीत तो देऊन फायदा कमी आणि बिल जास्त.

चौथी पायरी: घरची तयारी

चार ते सहा तास उपाशी. जठर रिकामं असेल तर पित्ताशय भरलेलं राहतं आणि आतड्याची हालचाल कमी होते. मधुमेही रुग्णाने इन्सुलिन घेऊन उपाशी बसू नये. सकाळचीच वेळ मागून घ्या आणि डोस डॉक्टरांना विचारा. रांगेत साखर उतरून चक्कर आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात गावाहून एसटीने येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पाण्याचा घोट कधीपर्यंत चालेल हेही आधी विचारून ठेवा.

क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत घ्या. एमआरआयचा कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियमचा असतो, सीटीसारखा आयोडीनचा नव्हे. मूत्रपिंडाचं काम दर्शवणारा ईजीएफआर ३० च्या खाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर कोणता कॉन्ट्रास्ट द्यायचा हे रेडिओलॉजिस्ट ठरवतात. वजन खरं सांगा, डोस त्यावरून काढतात, आणि या आजारात महिन्यापूर्वीचं वजन आजचं नसतं.

काही सेंटर एमआरसीपीआधी अननसाचा रस प्यायला देतात. ‘उपाशी या म्हणाले आणि आता ज्यूस पाजतात’ म्हणून लोक चक्रावतात. अननसात मँगनीज असतं. त्यामुळे जठर आणि आतड्यातलं पाणी चित्रात काळं पडतं आणि मागच्या नलिका मोकळ्या दिसतात. रस्त्यावरचा साखर-बर्फ घातलेला नव्हे, सेंटर देईल तोच घ्यायचा.

धातूचं सांगताना टेक्निशियन ‘दागिने काढा’ म्हणतो आणि बाई मंगळसूत्र, बांगड्या काढून ठेवते. जोडवी राहतात, पदराची टाचणी राहते, अंबाड्यातले आकडे राहतात, दंडावरचा ताईत राहतो. पुरुषांचा करदोटा, त्यातली किल्ली. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी आदल्या रात्री साबण लावून काढून ठेवा. ऐनवेळी बोट सुजून बसतं. पेसमेकर, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण हे आधीच सांगायचं. एमआयडीसीत ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग केलेल्या माणसाला डोळ्याचं मुद्दाम विचारा, तो स्वतःहून सांगत नाही. हृदयातला स्टेंट किंवा गुडघ्याचा सांधा बहुधा अडचणीचा नसतो, पण त्याचं कार्ड सोबत असू द्या.

आणि श्वास. चांगल्या एमआरआयचं खरं गुपित हेच आहे. पंधरा ते वीस सेकंद श्वास रोखायचा, तोही बाहेर सोडून, कारण श्वास सोडल्यावर पोट प्रत्येक वेळी जवळपास त्याच जागी येतं. घरी दोन-तीन दिवस आडवं पडून सराव करा, घड्याळ नातवाच्या हातात द्या. बिडी ओढणाऱ्याला खोकल्यामुळे हे जमत नाही. धूम्रपान हे या कॅन्सरच्या पक्क्या ठाऊक असलेल्या कारणांपैकी एक, त्यामुळे असे रुग्ण थोडे नसतात. जमत नसेल तर लपवू नका, आधी सांगा. श्वासाच्या तालावर चित्र घेण्याच्या पद्धती असतात, वेळ थोडा जास्त लागतो.

मशीनमधून येणाऱ्या सूचना हिंदी नाहीतर इंग्रजीत असतात. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजीला किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या मामांना ‘सांस रोकिए’ कळेलच असं नाही. टेक्निशियनला सांगून त्यांच्या भाषेतले दोन शब्द ठरवून घ्या, नाहीतर घरातल्या कुणाला तरी माइकवर बोलू द्या. सेंटरवाले सहसा नाही म्हणत नाहीत.

पाचवी पायरी: आत काय घडतं

पाऊण तास धरून चाला. आधी टी-२ चित्रं (पाणी उजळ दाखवणारी) आणि एमआरसीपी, मग चरबीचा उजेड दाबून घेतलेली टी-१ चित्रं, मग डिफ्युजन, शेवटी कॉन्ट्रास्ट. कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण ३५ ते ४० सेकंदांनी, ७० सेकंदांच्या आसपास आणि काही मिनिटांनी असे किमान तीन फेरे होतात. आवाज मोठा असतो, कानात बोळे घाला. बंद जागेची भीती वाटत असेल तर आदल्या दिवशीच सांगा, शांत करणारं औषध देता येतं. पण गाढ झोप आली की श्वास रोखणं संपलं.

सहावी पायरी: चित्रं वाचणं

हा भाग मुख्यतः डॉक्टरांसाठी, पण रिपोर्ट हातात धरून बसलेल्या घरच्यांनीही वाचायला हरकत नाही.

चरबी दाबलेल्या टी-१ चित्रात निरोगी स्वादुपिंड उजळ दिसतं, कारण त्याच्या पेशी पाचकरसाच्या प्रथिनांनी भरलेल्या असतात. गाठ त्यात काळपट उठून दिसते. लहान गाठीसाठी माझा पहिला भरवसा याच चित्रावर असतो. मात्र गाठीच्या मागे, शेपटाकडे, नलिका तुंबून ग्रंथी सुजते आणि तीही काळी पडते. मग सगळंच काळं. अशा वेळी कॉन्ट्रास्टच्या पहिल्या फेऱ्याकडे वळायचं. तिथे गाठ आजूबाजूपेक्षा कमी उजळते आणि नंतरच्या फेऱ्यांत हळूहळू उजळत जाते, कारण तंतूंमध्ये औषध सावकाश शिरतं आणि सावकाश निघतं. पहिल्याच फेऱ्यात झगमगणारी गाठ दिसली तर थांबा. ती न्यूरोएंडोक्राइन गाठ असू शकते. तिचे उपचार आणि भवितव्य दोन्ही वेगळं. क्वचित शेपटात रुतलेला प्लीहेचा तुकडाही असा चमकतो आणि उगाच ऑपरेशनपर्यंत नेतो.

नलिकांकडे बघताना दोन्ही नलिका एकाच ठिकाणी थबकल्या आहेत का ते पाहा. स्वादुपिंडाची नलिका गाठीपाशी एकदम तुटल्यासारखी संपली तर कॅन्सरचा संशय बळावतो. तीच नलिका गोळ्याच्या आतून, निमुळती होत का होईना, पलीकडे निघाली तर सुजेच्या गोळ्याकडे पारडं झुकतं. ऑटोइम्यून पॅनक्रियाटायटिस नावाचा एक प्रकार कॅन्सरची हुबेहूब नक्कल करतो. ग्रंथी फुगीर, भोवती पातळ कड, नलिका अरुंद. तो स्टिरॉइडने बरा होतो, म्हणून शंका आली की रक्तातलं आयजीजी-४ हे प्रतिद्रव्य तपासा आणि ऊतीचा नमुना घ्या.

डिफ्युजन हे ‘ॲडव्हान्स्ड’ तंत्रांपैकी सोलापुरात रोज हाताशी असलेलं. पाण्याचे रेणू ऊतीत किती मोकळे फिरतात ते यात मोजतात. पेशी किंवा तंतू दाटले की पाणी अडतं. बी-व्हॅल्यू, म्हणजे पाण्याच्या हालचालीला चित्र किती संवेदनशील ठेवायचं ते माप, चढवत नेतात, शून्य किंवा ५० पासून ८०० च्या आसपास. वरच्या बी-व्हॅल्यूला उजळ आणि एडीसी नकाशावर (पाणी किती मोकळं हलतं ते आकड्यांत दाखवणाऱ्या) काळं, असं जोडीने दिसलं तरच पाणी खरोखर अडलेलं आहे. नुसतं उजळ दिसणं पुरेसं नाही. भरपूर पाणी असलेली ऊतीही तशी चमकते.

आता एडीसीचा आकडा. रिपोर्टात १.२ किंवा १.५ असं काही लिहिलेलं असतं, एकक दहाच्या उणे तिसऱ्या घाताचं, चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. घरी गेल्यावर लोक तो इंटरनेटवर शोधतात आणि ‘१.३ च्या खाली कॅन्सर’ असलं काहीतरी वाचून रात्रभर जागतात. हा आकडा मशीन बदललं की बदलतो, बी-व्हॅल्यू बदलली की बदलतो, गाठीवर वर्तुळ कुठे काढलं त्याने बदलतो. सुजेच्या गोळ्यात आणि कॅन्सरमध्ये तो एकमेकांवर चढतो. ऑटोइम्यून प्रकारात तर कित्येकदा कॅन्सरहून खाली जातो. शिवाय या गाठीत पाणी अडवण्यात तंतूंचा वाटा मोठा, म्हणून कमी आकडा म्हणजे जास्त पेशी, जास्त जोमदार कॅन्सर असा सरळ हिशोब लागत नाही. मी तो लिहितो, पण त्याच्या एकट्याच्या आधारे निष्कर्ष काढत नाही. डिफ्युजनचा रोकडा फायदा वेगळाच आहे: सीटीतून निसटलेले यकृतातले बारीक डाग ते पकडतं. एक पक्का डाग सापडला तर मोठं ऑपरेशन टळतं.

रक्तवाहिन्यांचा परिच्छेद रिपोर्टात असायलाच हवा. आतड्याला रक्त नेणारी सुपिरिअर मेसेंटेरिक धमनी गाठीला चिकटली आहे का, आणि चिकटली असेल तर तिच्या परिघाच्या १८० अंशांपेक्षा कमी की जास्त? कमी असेल तर ‘बॉर्डरलाइन’, म्हणजे काढता येण्याच्या सीमेवरची, जास्त असेल तर सहसा थेट ऑपरेशन नाही. सीलिॲक आणि हिपॅटिक धमनीबद्दल, पोर्टल शिरेबद्दलही असंच लिहिलेलं हवं, फक्त त्यांचे निकष थोडे वेगळे असतात. हे वाक्य नसलेला रिपोर्ट सर्जनच्या कामाचा नाही. सेंटरला फोन करून पुरवणी मागा, त्यात संकोच कसला?

संशोधनाच्या उंबरठ्यावरची तंत्रं

मोठ्या शहरातून परत आलेले नातेवाईक कधीकधी नवी नावं घेऊन येतात, म्हणून थोडक्यात. इलॅस्टोग्राफीत पोटावर एक पॅड ठेवून हलकी कंपनं देतात आणि लाटांच्या वेगावरून ऊतीचा कडकपणा किलोपास्कलमध्ये काढतात. यकृतासाठी ती नेहमीच्या वापरात आहे, स्वादुपिंड खोल असल्याने तिथे अजून मुख्यतः संशोधनात. परफ्युजनमध्ये कॉन्ट्रास्ट दर काही सेकंदांनी टिपून तो रक्तवाहिनीतून ऊतीत किती वेगाने झिरपतो ते मोजतात. या गाठीत तो वेग मंद असतो. आयव्हीआयएम हे डिफ्युजनचंच पुढचं रूप, कॉन्ट्रास्टशिवाय रक्तप्रवाहाचा वाटा वेगळा काढायचा प्रयत्न करणारं. श्वास हलला की आकडे डळमळतात.

टी-१ मॅपिंग मला जास्त आश्वासक वाटतं. कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर ऊतीचा टी-१ काळ मोजला आणि रुग्णाचं हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का) माहीत असलं, की पेशींबाहेरची जागा टक्क्यांत काढता येते. तंतुमय गाठीत ती वाढलेली असते. कुठे हे करून घेणार असाल तर त्याच दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट जवळ ठेवा. या आजारात रक्त भराभर उतरतं आणि जुनं हिमॅटोक्रिट घातलं की उत्तर चुकतं.

हायपरपोलराइज्ड कार्बन-१३ पायरुवेट हे सगळ्यात पुढचं. खास तयार केलेलं पायरुवेट शिरेतून देऊन गाठ त्याचं लॅक्टेट किती करते ते थेट बघायचं. संकेत काही मिनिटांतच विझतो, म्हणून औषध शेजारच्या खोलीत बनवावं लागतं. जगात मोजक्याच केंद्रांत होतं, तेही अभ्यासापुरतं.

यांपैकी कशासाठीही खिशातून वेगळे पैसे देऊ नका. अभ्यासात सहभागी होणार असाल तर संमतीपत्र आपल्या भाषेत वाचून सही करा.

केमोनंतरचा एमआरआय

इथे तंत्र खरं उपयोगी पडू लागतं आणि इथेच घोळही होतो. आधी केमो देऊन मग ऑपरेशन हा मार्ग आता बऱ्याच जणांना सुचवतात. केमोने पेशी मेल्या तरी तंतू जागेवर राहतात. त्यामुळे सीटीत गाठ तेवढीच, रक्तवाहिनीला तशीच चिकटलेली दिसते, आणि घरचे म्हणतात, काहीच फरक पडला नाही. मापात फरक नसला तरी एडीसी वर गेलेला असेल, सीए १९-९ उतरलेला असेल, वजन धरलं असेल, तर सर्जन पोट उघडून पाहायचा निर्णय घेऊ शकतात.

पण आधीचा एमआरआय सोलापुरात, नंतरचा मुंबईत, असं झालं तर दोन एडीसींची तुलना करू नये. तेच मशीन, त्याच बी-व्हॅल्यू, जमल्यास वाचणाराही तोच. उपचार जिथे होणार आहेत ते आधी ठरलं तर पहिला एमआरआयही तिथेच करणं शहाणपणाचं.

रिपोर्ट हातात आल्यावर

फिल्म सुंदर दिसते, पण पुढच्या डॉक्टरला लागते ती सीडी किंवा पेनड्राइव्ह, मूळ डायकॉम स्वरूपातली. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून ‘दुसरं मत’ मागण्यात अर्थ नाही. सेंटर सोडण्याआधी सीडी उघडते का तिथल्याच संगणकावर बघून घ्या आणि पाकिटावर तारीख घाला.

ऊतीचा नमुना बहुधा एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडने, जठरातून सुई घालून घेतात. केमो द्यायची असेल तर तो लागतोच. गाठ सरळ काढण्याजोगी असेल आणि चित्रं बोलकी असतील, तर सर्जन कधीकधी नमुन्याशिवायही ऑपरेशन करतात. तो निष्काळजीपणा नव्हे. उलट नमुन्यात ‘कॅन्सर दिसला नाही’ आलं आणि चित्रं कॅन्सरचीच असतील, तर नमुना पुन्हा घ्यायचा.

पैशांचं आधी बघा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ती कॅशलेस योजना आहे. आधी बाहेर खर्च करून नंतर पावत्या दाखवायच्या, असं तिथे चालत नाही. म्हणून स्कॅनआधीच, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि कोणती तपासणी कोणत्या पॅकेजमध्ये बसते ते विचारा. सिव्हिलमध्येही चौकशी करा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत ठेवायची कायद्याने सक्ती आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधी काढून ठेवलेला बरा.

कॅन्सरसाठी जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली अशी पहिली नोंदणी तीच. परळच्या टाटा रुग्णालयात जायचं ठरलं तर सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री बसलात की सकाळी दादरला उतरता येतं. स्वादुपिंडाचं डोकं काढण्याचं ऑपरेशन मोठं असतं. ते वारंवार करणाऱ्या हातांत निकाल चांगला लागतो, म्हणून सर्जनला ‘वर्षाला असे किती करता?’ हे विचारायला लाजू नका.

तारखा मात्र सांभाळा. ऑपरेशनच्या आधीचा स्कॅन चार आठवड्यांहून जुना असू नये असा संकेत आहे, कारण तेवढ्यात ही गाठ यकृतात पोचू शकते. तारीख मिळायला दीड-दोन महिने लागणार असतील तर सोलापूरचा स्कॅन पुन्हा करावा लागेल हे गृहीत धरून खर्चाची तजवीज ठेवा, आणि नव्या स्कॅनला जाताना जुनी सीडी सोबत न्या.